रॅपर असलेल्या नटाने स्वतः तयार केलेल्या विनोदी मालिकेची लोक एवढी वाट का बघतात? नुसत्या नावासाठी?

नाव हे कारण असतंच. चाहते आयते मिळतात, गाणी आधीच पाठ असतात, जाहिरातीचा निम्मा खर्च वाचतो. पण मी एका मालिकेची अक्षरशः महिनोन्‌महिने वाट बघितली होती आणि तिच्या बाबतीत नावाचा उपयोग उलटाच होता. नाव ऐकून बरेचजण नाक मुरडत होते. ती मालिका म्हणजे डोनाल्ड ग्लोव्हरची ‘अटलांटा’. एफएक्स वाहिनीवर ६ सप्टेंबर २०१६ ला, लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी रात्री तिचे पहिले दोन भाग लागले. तेव्हा मी अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहत होतो, त्यामुळे उत्तर थोडं घरचं होईल, चालवून घ्या.

रॅपर आणि सिटकॉम ही जोडी अमेरिकेत जुनीच. विल स्मिथची ‘फ्रेश प्रिन्स’ १९९० मध्ये आली तेव्हा त्याच्यामागे आयकर खात्याचा ससेमिरा होता आणि त्याला कामाची गरज होती. पण मालिका उभी केली अँडी आणि सुझन बोरोवित्झ यांनी, आणि मूळ कल्पना घेतली बेनी मेडिना या निर्मात्याच्या आयुष्यातून. स्मिथ बांधून तयार असलेल्या घरात राहायला आला. (राहिला झकास, त्याबद्दल वाद नाही.) पुढे एलएल कूल जे वगैरे मंडळी आली, त्यांचंही साधारण तसंच.

ग्लोव्हरची गाडी उलट्या दिशेनं आली. तो आधी विनोद लिहिणारा आणि मग रॅपर. न्यूयॉर्क विद्यापीठात नाट्यलेखन शिकून २००६ मध्ये बाहेर पडला आणि तेविसाव्या वर्षी टीना फे यांनी त्याला ‘थर्टी रॉक’ या आपल्या विनोदी मालिकेच्या लेखकांत घेतलं. तिथून २००९ मध्ये ‘कम्युनिटी’ या मालिकेत नट म्हणून गेला आणि ट्रॉय या भूमिकेनं घराघरांत पोचला. म्हणजे बावीस मिनिटांत तीन विनोद कुठे पेरायचे आणि कुठे कापायचे, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. रॅप करताना त्यानं चाइल्डिश गँबिनो हे नाव घेतलं, तेही इंटरनेटवरच्या एका नावं पाडून देणाऱ्या गमतीच्या यंत्रातून. २०११ च्या त्याच्या ‘कॅम्प’ या अल्बमला पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या संकेतस्थळानं दहापैकी १.६ गुण दिले होते. तेव्हा नाक मुरडणाऱ्यांचाही अगदीच दोष नव्हता. रॅपच्या कट्टर श्रोत्यांना तो टीव्हीवरचा गोड मुलगा वाटायचा आणि टीव्हीवाल्यांना उगाच रॅप करणारा.

मग २०१३ मध्ये त्यानं चालती मालिका सोडायचं ठरवलं. ‘कम्युनिटी’च्या पाचव्या सीझनमध्ये तो मोजकेच भाग करून बाहेर पडला. त्या ऑक्टोबरमध्ये त्यानं हॉटेलच्या लेटरहेडवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. आपल्याला कशाकशाची भीती वाटते याची ती यादी होती, आणि मालिका रॅपसाठी सोडलेली नाही, स्वतःच्या पायावर काहीतरी करायचं आहे, असंही त्यात होतं. पोटापाण्याचं पक्कं काम सोडून, भीती वाटते असं चारचौघांत सांगून माणूस काय करणार, याची उत्सुकता माझ्यासारख्याला तिथूनच लागली. एफएक्सशी त्याचा करार झाल्याची बातमीही त्याच वर्षीची.

वाट बघायला पुरावा लागतो, आणि तो समोर होता. २०१३ च्याच ऑगस्टमध्ये ‘क्लॅपिंग फॉर द राँग रीझन्स’ नावाची चोवीसएक मिनिटांची फिल्म त्यानं फुकट नेटवर सोडली होती. एका मोठ्या बंगल्यात काही मित्र नुसते वेळ घालवतात. गोष्ट म्हणावी अशी जवळपास नाहीच, पण मध्येच असं काहीतरी विचित्र घडतं की हसावं की घाबरावं कळत नाही. दिग्दर्शक हिरो मुराई. टोकियोत जन्मलेला, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला, आणि ओळख म्युझिक व्हिडिओ करणारा एवढीच. त्यानं ग्लोव्हरच्या ‘३००५’ या गाण्याचा व्हिडिओ केला, त्यात आकाशपाळण्यात ग्लोव्हर आणि एक टेडी बेअर बसलेत, बाकी काही नाही. ‘स्वेटपँट्स’च्या व्हिडिओत तो एका हॉटेलात पुन्हा पुन्हा शिरतो आणि दर खेपेला आतली आणखी माणसं त्याच्याच चेहऱ्याची झालेली असतात. नव्या मालिकेचा दिग्दर्शक हाच मुराई, हे कळलं तेव्हा माझी खात्री पटली की मागे हशाची टेप वाजणारं हे प्रकरण नाही. २०१६ च्या जानेवारीत पत्रकारांपुढे ग्लोव्हरनं मालिकेचं वर्णन ‘रॅपर असलेलं ट्विन पीक्स’ असं केलं होतं. ट्विन पीक्स ही डेव्हिड लिंचची गूढ, विचित्र मालिका बघितलेल्या माणसाला त्यावर झोप येणं कठीण.

आता शहराचं. जॉर्जिया राज्यानं २००८ मध्ये चित्रीकरणावर ३० टक्क्यांपर्यंत करसवलत दिली आणि अटलांटात कॅमेऱ्यांची रीघ लागली. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या दिसायच्या, त्यावर बाण आणि कसलातरी सांकेतिक शब्द. तो शब्द कुठल्या सिनेमाचा हे ओळखणं हा ऑफिसातला आवडता उद्योग. पण पडद्यावर हे शहर बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्यातरी शहराचं सोंग घेऊन उभं. स्वतःच्या नावानं आलंच तर ‘वॉकिंग डेड’ या झाँबींच्या मालिकेमध्ये, तेही सगळी माणसं मेल्यावर! त्या पार्श्वभूमीवर अटलांटातच वाढलेला माणूस शहराच्याच नावाची मालिका काढतोय म्हटल्यावर स्थानिकांना काय वाटलं असेल बघा. ग्लोव्हर स्टोन माउंटनचा. आपली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात लेझर शो बघायला चटया आणि पुलाव घेऊन जातात तेच ठिकाण. त्या डोंगरावर गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या तीन पुढाऱ्यांचं अवाढव्य शिल्प कोरलेलं आहे, आणि १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा पुनर्जन्म त्याच डोंगरमाथ्यावर झाला. अशा डोंगराच्या पायथ्याशी वाढणाऱ्या कृष्णवर्णीय पोराला हसू कशाचं येत असेल, हा प्रश्न मला त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त ओढत होता.

माझा एक सहकारी अटलांटाला लागून असलेल्या डिकेटरचा, जन्मापासून तिथलाच. त्याला हे ट्विन पीक्स वगैरे काही पडलेलं नव्हतं. त्याचा एकच निकष: मालिकेत लेमन पेपर विंग्ज आल्या तर ती खरी, नाहीतर हॉलिवूडची. लिंबू-मिऱ्याची भुकटी लावलेल्या कोंबडीच्या या पंखांवाचून अटलांटात कुठली पार्टी होत नाही. पहिल्याच रात्री, दुसऱ्या भागात, ते आलं. रॅपर पेपर बॉय आणि त्याचा मित्र डॅरियस एका विंग्जच्या दुकानात जातात, आणि काउंटरवरचा माणूस त्यांना खास म्हणून वरून सॉस ओतलेल्या, ‘लेमन पेपर वेट’ विंग्ज देतो. डबा उघडताच आतून सोनेरी उजेड पडतो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याचा चेहरा स्वतःच दिग्दर्शन केल्यासारखा होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी गोष्ट दोन ओळींत: अर्न हा प्रिन्स्टन अर्धवट सोडून आलेला, खिशात दमडी नसलेला तरुण बाप. त्याचा नात्यातला भाऊ आल्फ्रेड ‘पेपर बॉय’ या नावानं रॅप करतो आणि त्याचं एक गाणं गावात वाजायला लागलंय, तेव्हा अर्न त्याचा मॅनेजर व्हायला बघतो. ऐकायला अगदी सरळ, संघर्षातून यशाकडे छापाची गोष्ट. आणि ती तशी वाटावी हीच युक्ती होती. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ला ग्लोव्हरनं सांगितलं की वाहिनीला त्यानं ट्रोजन घोडा पाठवला होता, खरं काय करायचंय ते सांगितलं असतं तर मालिका झालीच नसती. लेखकही त्यानं सगळे कृष्णवर्णीय घेतले, सख्खा भाऊ स्टीफन त्यांत, आणि बहुतेकांनी टीव्हीसाठी आधी लिहिलेलंच नव्हतं.

घोड्यातून बाहेर काय आलं? पहिल्याच भागात अर्नचे आईवडील त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, कारण तो आत आला की खर्च होतो. रात्रीच्या बसमध्ये सूटबूट घातलेला एक अनोळखी माणूस त्याला उपदेश करत न्यूटेलाचं सँडविच खायचा आग्रह करतो आणि मग रानात चालता होतो. त्याचा खुलासा कुणी करत नाही. पण माझ्या मते मालिकेचा जीव चौथ्या भागात आहे. पैशांची नड असलेला अर्न फोन विकायला निघतो, डॅरियस त्याला फोनच्या बदल्यात तलवार आणि तलवारीच्या बदल्यात कुत्रा घ्यायला लावतो. कुत्र्याला पिल्लं झाली की हजारो डॉलर मिळणार, फक्त सप्टेंबरपर्यंत थांबायचं. अर्न वैतागून म्हणतो, गरिबाला गुंतवणुकीला वेळ नसतो, तो आजचा दिवस ढकलण्यात गुंतलेला असतो. मी पोट धरून हसत होतो तो त्या वाक्याला गप्प झालो. नुसतं नाव असलेल्या माणसाला असं लिहिता येत नाही. त्यासाठी आधी विनोदाच्या कारखान्यात पाट्या टाकलेल्या लागतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये गोल्डन ग्लोब, मग अभिनय आणि दिग्दर्शन असे टीव्हीचे दोन एमी पुरस्कार. विनोदी मालिकेच्या दिग्दर्शनाचा एमी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला.

आणि वाट बघण्याची दुसरी बाजूही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तिकडेच आहे असं मला वाटतं. दुसरा सीझन मे २०१८ मध्ये संपला आणि तिसरा यायला मार्च २०२२ उजाडला. मध्ये ‘धिस इज अमेरिका’ हे त्याचं गाणं आलं, ग्लोव्हर स्टार वॉर्समध्ये झळकला, ‘लायन किंग’मध्ये सिंबाचा आवाज झाला, वर महामारी. या खेपेला लोक खरोखर नावासाठी थांबले होते. आणि पठ्ठ्यानं काय करावं? तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात जवळजवळ शेवटपर्यंत मुख्य पात्रांपैकी कुणीच नाही. भलत्याच एका मुलाची गोष्ट. मग मुख्य मंडळी दिसतात ती युरोपात. चार वर्षं थांबलेले चाहते चांगलेच रुसले. मला तो पहिला भाग आवडला, पण पूर्ण सीझन मात्र असमान वाटला. अटलांटाबाहेर गेल्यावर त्यातल्या विक्षिप्तपणाला जमीन उरत नाही. चौथ्या सीझनला सगळे गावी परतले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मालिका संपली, एकूण ४१ भाग.

रॅपर-नटाच्या मालिकेचंच आणखी एक उदाहरण हवं असेल तर लिल डिकीची ‘डेव्ह’ आहे, २०२० ची. तिची मी वाट वगैरे बघितली नव्हती. एका मित्रानं बळंच लावली आणि तीन भाग झाल्यावर रिमोट मीच धरून बसलो. ‘अटलांटा’ बघणार असाल तर तिसऱ्या सीझनवरून सुरुवात करू नका, आणि पहिल्या सीझनचा सातवा भाग लागला की मधल्या जाहिराती पुढे ढकलू नका. त्या खोट्या आहेत, आणि अर्धी गंमत त्यांतच आहे.