परत पाठवलेले गव्हाचे पोते

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र चार पानांचे आहे. यजमानांचा कारखाना बंद पडून सात महिने झाले, मुलीची फी थकली, तुम्ही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करता आणि तरीही घरात काही येत नाही, तेव्हा आपलाच विश्वास तोकडा पडतो आहे का, असे तुम्ही विचारता. तिसऱ्या पानावर मात्र जाता जाता एक वाक्य येऊन गेले आहे : ‘थोरल्या जाऊबाईंनी गव्हाचे पोते पाठवले होते, पण त्या चर्चला येत नाहीत आणि केलेले बोलून दाखवतात, म्हणून परत पाठवले, आमचा भरवसा फक्त देवावर आहे.’

घरात काही येत नाही, असे कसे म्हणता? आले होते. तुम्ही ते दारातून परत फिरवलेत.

बायबलमधला संदेष्टा एलिया दुष्काळात करीथ ओहळापाशी राहिला, तेव्हा त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून दिले ते कावळ्यांनी, म्हणजे बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाने अमंगळ ठरवलेल्या पाखरांनी. ओहळ आटल्यावर देवाने त्याला सीदोनाच्या मुलखातील सारफथ गावी धाडले, आणि जिच्या घरी मूठभर पीठ व थोडे तेल एवढेच उरले होते अशा एका परक्या विधवेपुढे त्या संदेष्ट्याला स्वतःच्या तोंडाने पाणी आणि भाकर मागावी लागली. जाऊबाई निदान न मागता देत होत्या.

‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’ हे वचन तुमच्या बैठकीच्या खोलीत लावलेले आहे, असे तुम्ही लिहिता. ते प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील एकोणिसावे वचन आहे. त्याच्या आधीचे अठरावेही वाचा : बंदिवासातील पौल तेथे त्या मंडळीकडून एपफ्रदीताच्या हाती आलेल्या देणगीची पोच देतो आहे. माणसांकडून घेतल्याने आपला विश्वास उणावला, असे त्याला वाटलेले दिसत नाही. पंडिता रमाबाईंनाही वाटले नसावे. दौंडजवळच्या केडगावला त्यांनी विहिरी खोदवल्या, शेती केली, दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, प्रार्थना तर अखंड केली, आणि 1898 साली अमेरिकेला जाऊन देणाऱ्यांपुढे आपल्या कामाची गरजही मांडली.

जाऊबाई बोलून दाखवतात, हे खरे असेल. मी ते नाकारत नाही. पण पोते परत गेले ते ती बोलणी टाळण्यासाठी, आणि त्यावर तुम्ही देवाचे नाव घातलेत, याचा मला राग आला आहे. देवाने पुरवावे, पण आपल्या पसंतीच्या माणसाच्या हातून, अशी अट घालणाऱ्या प्रार्थनेला मी तरी भरवसा म्हणणार नाही. पोते परत पाठवताना मुलीला कोणी विचारले होते का? तिच्याही ताटाचा तो प्रश्न होता.

येत्या रविवारी उपासना सुटली की थेट जाऊबाईंच्या घरी जा. यजमानांना पुढे करू नका, मुलीच्या हाती चिठ्ठी देऊ नका. ‘पोते परत पाठवले ते चुकले, आता गहू हवा आहे,’ एवढेच म्हणा. त्या जे बोलतील ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये वचन सांगू नका, आणि घरी आल्यावर गहू निवडून दळण त्याच संध्याकाळी गिरणीत द्या.