उभं राहिलं की चक्कर, रिपोर्ट मात्र नॉर्मल

प्रश्न : माझी १५ वर्षांची मुलगी आठ महिने थकलेलीच असते. उभी राहिली की चक्कर, धडधड. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, दहावीचं टेन्शन. आता काय करावं?
– एक आई, ऐरोली

उत्तर : टेन्शनचा शिक्का जरा घाईनेच बसलाय. दंडाचं बीपी मशीन घ्या. मुलीला १० मिनिटं आडवं झोपवून नाडी, बीपी लिहा. मग १० मिनिटं उभं ठेवून दर मिनिटाला मोजा. तिने बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं आणि आकडा फसवतो. शेजारी कोणीतरी हवंच. घेरी आली तर लगेच झोपवा. या वयात नाडी आडवं असतानापेक्षा मिनिटाला ४० ठोके किंवा जास्त वाढून तशीच राहिली, बीपी मात्र पडलं नाही, तर ‘पॉट्स’ची, म्हणजे उभं राहिलं की नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराची शंका घ्यावी. झोपवून काढलेल्या ईसीजीत हे सापडत नाही!

पण आधी ॲनिमिया, थायरॉइड वगळायला हवं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन (साठ्याची रक्ततपासणी) बघा, सोबत सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे सूज दाखवणारी तपासणी). अंगात दाह असला की फेरिटिन वाढलेलं दिसतं. सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी ही रक्ततपासणी करायची असेल तर तोवर पोळी बंद करू नका, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. आकड्यांचा कागद घेऊन फिजिशियनकडे जा. वजन घटत असेल किंवा ताप येत असेल, तर याच आठवड्यात; पळताना शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी.