पूर्वी आवडायचं, आता नको वाटतं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच सूर जास्त होता, "पूर्वीसारखं राहिलं नाही". कुणी स्वतःबद्दल लिहिलंय, कुणी नवऱ्याबद्दल, कुणी आईबद्दल तक्रार केलीये. सगळी पत्रं घेणं शक्य नव्हतं म्हणून एकमेकांपासून जरा वेगळी असलेली निवडली, आणि नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

ताई, माझं वय ४३. तिशीपर्यंत मी दर वीकेंडला बाहेर असायचो, रात्री दोन-तीनपर्यंत जागरण, नवीन माणसं भेटली की एकदम खूश. आता कुणी "येतोस का" विचारलं की मी आधी न जाण्याचं कारण शोधतो. मनापासून बोलावं असे दोन-तीनच मित्र उरलेत. बाकीचे ग्रुपवर "म्हातारा झाला" म्हणून चिडवतात. मी माणूसघाणा होत चाललोय का?

नाही हो. माणूसघाण्याला ते दोन-तीन मित्रसुद्धा नकोसे होतात, तुम्हाला ते हवेत, फक्त बाकीची गर्दी नकोय. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

लॉरा कार्स्टेन्सन म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलंय. त्यांचा आणि बार्बरा फ्रेडरिकसन यांचा १९९० चा एक अभ्यास मला फार आवडतो कारण त्यातला प्रश्न अगदी साधा आहे. तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे, कुणाबरोबर घालवाल? घरचं जवळचं माणूस, तुम्ही नुकतंच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की नुकतीच ओळख झालेली आणि आपल्याशी जुळेल असं वाटणारी व्यक्ती? वयस्कर लोकांनी जास्त करून घरचं माणूस निवडलं, तरुणांची उत्तरं तिन्हीकडे विखुरलेली होती. इथपर्यंत काही विशेष नाही, म्हणाल वयच ते. पण मग तरुणांना सांगितलं की समजा तुम्ही लवकरच एकटे लांब कुठेतरी राहायला जाणार आहात, आता कुणाला भेटाल? तर तेही घरच्या माणसाकडे वळले. आणि पुढे १९९९ च्या एका अभ्यासात उलटं केलं, वयस्करांना म्हटलं की समजा वैद्यकशास्त्रात असा शोध लागलाय की तुम्ही अपेक्षेपेक्षा २० वर्षं जास्त आणि तेही धडधाकट जगाल, तेव्हा त्यांचा घरच्या माणसाकडचा तो खास कल गेला!

म्हणजे वाढदिवस किती झाले यापेक्षा पुढे किती वेळ आहे असं आपल्याला वाटतं, त्यावर बरंच ठरतं. वेळ अमाप वाटतो तेव्हा माणूस ओळखी जमवतो, माहिती जमवतो, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून कंटाळवाण्या माणसाशीही दोन तास बोलतो. वेळ मोजका वाटायला लागला की तो "कधीतरी"वाला हिशोब बंद होतो. त्रेचाळिसाव्या वर्षी हे थोडं थोडं सुरू होतंच, आईवडील थकलेले दिसतात, बरोबरीच्या कुणाला तरी मोठं आजारपण येतं. त्यात झोपेचं घड्याळही बदलतं, उशिरा झोपायचा कल विशीच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि तिथून पुढे हळूहळू अलीकडे सरकतो, त्यामुळे रात्री दोनपर्यंत जागायचा कंटाळा येणं यात तुमच्या स्वभावाचा फारसा दोष नाही.

फक्त एक सांगते. न जाता घरी राहिलात ती संध्याकाळ कशी जाते ते एकदा नीट बघा. निवांत जात असेल, चांगली झोप लागत असेल तर विषय संपला, ग्रुपवर चिडवू दे. पण घरी राहून मध्यरात्रीपर्यंत नुसता मोबाइल सरकवत बसत असाल तर ती आवड बदललेली नाही, ती दमणूक आहे आणि तिचं कारण बहुतेक ऑफिसात सापडेल. आणि लांबच्या ओळखी अगदीच तोडू नका बरं का, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नव्या नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अशा अधूनमधून भेटणाऱ्यांकडूनच जास्त येते. वर्षातून दोनदा तोंड दाखवा, तेवढं पुरतं.

मी २४ वर्षांचा आहे. चांगला जॉब सोडून मला फिल्म एडिटिंग करायचंय, आणि लग्न, मुलं वगैरेत मला काडीचाही इंटरेस्ट नाही. घरी काहीही बोललो की एकच उत्तर, "वय वाढलं की कळेल". मी माझ्याबद्दल इतका शुअर असताना खरंच सगळं बदलतं का?

बदलतं रे, पण तुझ्या घरच्यांना वाटतं त्याच दिशेने बदलेल याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, त्यांच्यासकट.

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांवरचा. काहींना विचारलं की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, काहींना विचारलं की येत्या दहा वर्षांत किती बदलाल, स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी सगळ्याबद्दल. प्रत्येक वयात तेच निघालं, मागचं बघताना लोकांना बराच बदल दिसतो आणि पुढचं सांगताना वाटतं की आता आपण झालो ते झालो. त्यातच एक गंमत होती, आजच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम दहा वर्षांनी बघायला लोक जेवढे पैसे द्यायला तयार होते ते, दहा वर्षांपूर्वीच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम आज बघायला जेवढे दिले असते त्याच्या दीडपटीहून जास्त होते. म्हणजे शुअर असणं हा पुरावा नाही, सगळेच शुअर असतात. पण यात "वय वाढलं की कळेल" म्हणणारेही आले ना! त्यांनाही वाटतंय की त्यांचं बदलून संपलंय आणि आता फक्त तुझं व्हायचंय.

मग करायचं काय, तर जे निर्णय मागे फिरवता येतात ते बिनधास्त घे. एडिटिंग त्यातलं आहे, वर्ष-दीड वर्ष पुरेल एवढी बचत ठेव, जुन्या ऑफिसशी भांडून निघू नकोस, आणि जा. लग्न नको असेल तर आज करू नकोसच, पण "आयुष्यात कधीच नाही" अशी घोषणा घरात करून रोज भांडण कशाला ओढवून घ्यायचं, चौतिसाव्या वर्षीच्या तुझ्याकडे ते ठरवायला सोपव की.

वय ३९. नवीन गाणी कानाला बरीच वाटत नाहीत, कॉलेजच्या वेळची लागली की अंगावर काटा येतो. गाणीच बिघडलीत की मी?

दोघंही नाही. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी मोठेपणी इतर काळापेक्षा जास्त आठवतात हे बऱ्याच वेळा तपासून झालंय, आणि गाणी त्याच आठवणींना चिकटून येतात. तुम्ही गाण्याबरोबर ते वयही ऐकता. तुमच्या वडिलांना विचारा, ते तुमच्या कॉलेजच्या गाण्यांना काय म्हणायचे!

माझे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. झाडांचं त्यांना वेड होतं, बुद्धिबळ खेळायला मित्रांकडे जायचे. गेल्या दीड वर्षात एकेक करून सगळं बंद झालं. झाडं वाळली तरी बघत नाहीत. कुणाकडे गेलो तर कोपऱ्यात गप्प बसतात. मुलगा म्हणतो "वय झालं, इंटरेस्ट बदलतात". मला ते पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

मी म्हणेन की तुम्हाला पटत नाही हे बरोबर आहे, आणि मुलाचं ऐकून थांबू नका.

इंटरेस्ट बदलणं म्हणजे एक जाऊन दुसरा येणं, किंवा पाचाचे दोन होणं. झाडं सुटली आणि वाचन लागलं, बुद्धिबळ सुटलं पण भावाशी रोज फोन सुरू झाला, असं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. तुमच्याकडे सगळं गेलंय आणि जागा रिकामीच राहिलीये. दोन आठवडे किंवा जास्त, दिवसातला बराच वेळ कशातच गोडी वाटत नसेल तर ते डिप्रेशनचं मुख्य लक्षण धरतात, रडू येणं किंवा उदास बोलणं त्यात असायलाच हवं असं नाही. या वयाच्या पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा चिडचिड किंवा नुसतं गप्प राहणं असंच दिसतं आणि घरचे त्याला वय म्हणतात, त्यात वर्षं जातात. उपचारांनी ते बरं होऊ शकतं म्हणून जास्तच वाईट वाटतं. थायरॉइड कमी असणं, बी-ट्वेल्व्ह हे व्हिटॅमिन कमी असणं यानेही असं होऊ शकतं, ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं, ती आधी करून घ्या.

कोपऱ्यात गप्प बसण्याबद्दल वेगळं सांगायचंय. त्यांचे कान तपासलेत का? वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं, स, श, फ, थ असली अक्षरं धूसर होतात, त्यामुळे आवाज ऐकू येतो पण बोलणं कळत नाही, आणि चार जण एकदम बोलायला लागले की अजिबातच कळत नाही. घरात समोरासमोर बोलताना मात्र सगळं ठीक असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस दोनदा "काय?" विचारतो, तिसऱ्यांदा लाजतो आणि मग जाणंच सोडतो. साठीच्या पुढच्या चारातल्या एकापेक्षा जास्त लोकांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं, आणि तुमचे मिस्टर त्या वयाच्या जवळच आलेत.

आणखी एक, घाबरवायला नाही पण लिहायला हवं. स्वभावच पालटल्यासारखा वाटत असेल, म्हणजे पूर्वी मायाळू असलेला माणूस कुणी आजारी पडलं तरी ढिम्म, चारचौघांत काहीही बोलून जाणं, अचानक गोड खायचं वेड, एकच गोष्ट त्याच पद्धतीने परत परत करणं, तर डॉक्टरांना हे सगळं स्पष्ट सांगा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, आणि त्यात विस्मरणाच्या आधी स्वभाव बदलतो. तो तसा कमी जणांना होतो, तुमच्या पत्रात त्याची खूण म्हणावी असं फारसं नाहीये. पण डॉक्टरकडे तुम्ही स्वतः बरोबर जा, कारण एकटे गेले तर ते "मला काही होत नाही" म्हणून परत येतील.

माझी आई ६७ वर्षांची. आयुष्यभर आमच्यासाठी राबली. आता तिला आकाशनिरीक्षणाचं खूळ लागलंय, दुर्बीण घेतलीये, रात्री गच्चीवर असते, ऑनलाइन कोर्स करते. मी तिला शुक्रवार-शनिवार मुलांना सांभाळायला विचारलं तर "शनिवारी जमणार नाही, आमच्या ग्रुपचं निरीक्षण असतं" म्हणाली! या वयात माणसाला नातवंडं आधी हवीत ना? तिची प्रायॉरिटीच बदललीये.

मला तुमच्या आईंचं कौतुक वाटलं, आधीच सांगून टाकते.

वरच्या पहिल्या उत्तरात मी लिहिलंय की वय वाढलं की माणूस जवळच्यांकडे वळतो, तुम्ही ते वाचून म्हणाल बघा मी हेच म्हणत होते. पण ती सरासरी आहे. सरासरीने तर उतारवयात नवीन गोष्टींबद्दलचं कुतूहलही थोडं कमी होतं, तुमच्या आई तिथेही बसत नाहीत. वेळ मोजका वाटायला लागला की माणूस ज्याला अर्थ वाटतो ते निवडतो, आता तो अर्थ प्रत्येकाला नातवंडांतच सापडेल असं कुठे लिहिलंय? आणि मला तर शंका आहे की त्यांची प्रायॉरिटी बदललेलीच नाही. इतकी वर्षं तुमचे डबे, परीक्षा, आजारपणं पुढे होती आणि आकाश मागे होतं, कुणी विचारलंच नाही म्हणून तुम्हाला ते आज दिसतंय.

शिवाय पत्र परत वाचा, त्या शनिवारी नाही म्हणाल्यात. शुक्रवारी नाही असं कुठेच नाहीये. मग शुक्रवार पक्का करा, शनिवारची पैसे देऊन सोय करा, आणि आईला जमणारे दिवस तिलाच ठरवू द्या. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने मधल्या वयाचं मुख्य काम पुढच्या पिढीसाठी काहीतरी करणं असं मांडलं होतं, पण त्यात शिकवणं, घडवणं, काही निर्माण करणं हे सगळं धरलं होतं, फक्त मुलं सांभाळणं नाही. तुमची मुलं जरा मोठी असतील तर त्यांना एका रात्री गच्चीवर पाठवून बघा. तुम्हीही गेलात तर अजून छान, आईशी घरकाम सोडून दुसऱ्या विषयावर शेवटचं कधी बोललात?

मी ७१. हौस म्हणून चाळीसेक वर्षं व्हायोलिन वाजवतो, छोट्या मैफलींमध्येही बसतो. आता बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत, द्रुत भागात गडबड होते. लाज वाटते. सोडून द्यावं आणि व्हायोलिन नातीला द्यावं असं मनात येतंय. सल्ला द्यावा.

काका, नातीला हवं असेल तर तिला वेगळं घेऊन द्या, तुमचं सध्या तुमच्याकडेच राहू दे.

आर्थर रुबिनस्टाइन हे फार मोठे पियानोवादक, १८८७ चा जन्म आणि १९७६ पर्यंत मंचावर वाजवत होते. म्हातारपणी हे कसं जमतं असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ते आता कमी रचना वाजवतात, त्यांचाच जास्त रियाझ करतात, आणि द्रुत भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम जरा सावकाश घेतात, म्हणजे पुढचा भाग आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो. शुद्ध लबाडी, पण किती सुंदर! पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने उतारवयाबद्दलच्या आपल्या सिद्धान्तात याच तीन गोष्टी मांडल्या, निवड कमी करणं, निवडलेल्यावर जास्त मेहनत घेणं आणि जे गेलंय त्याची दुसरीकडून भरपाई करणं.

तुमच्याकडे चाळीस वर्षांत जमलेलं बरंच असणार, त्यातलं संथ लयीत खुलणारं असं थोडंच ठेवा, बाकीचं मैफलीतून काढा, घरी हवं तर वाजवा. पण त्याआधी एक काम करा. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, सांधे सुजतात का, मुंग्या येतात का ते बघा, आणि असं काही असेल तर डॉक्टरांना हात दाखवा, कारण सांध्यांचा आजार किंवा मनगटात नस दबणं यावर उपचार आहेत आणि ते वय म्हणून सोडून द्यायचं काही कारण नाही.