चरबीपेशी बनवायला वाढवलेल्या उंदराच्या ३टी३-एल१ पेशींत चरबीचे थेंब येत नाहीत, इन्सुलिन वाढवू का?

नका वाढवू. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम टाकत असाल तर ते आधीच भरपूर आहे. एवढं इन्सुलिन आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवरून (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनावरून) काम करतं, कारण कोवळ्या पेशींवर इन्सुलिनचे स्वतःचे रिसेप्टर थोडेच असतात. खोट पेशींत शोधा.

मी हे भोगलंय. जळगावला प्रोजेक्ट करत होते. आखाजीला चार दिवस माहेरी चोपड्याला गेले. निघताना पॅसेज करून (पेशी विरळ करून नव्या भांड्यात हलवून) फ्लास्क जेमतेम तिसरा हिस्सा भरलेला ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'परवा पुन्हा पॅसेज करणे'. कोणी केला नाही. परत आले तर फ्लास्क कडेपर्यंत गच्च. सीनियरने त्याच पेशी वाढवून नवा साठा म्हणून गोठवल्या. पुढे तीन महिने पेशींना चरबीकडे वळवणारं कॉकटेल, म्हणजे डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स, इन्सुलिन, सगळं देऊन झालं. पेशी लांबोळक्या त्या लांबोळक्याच. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "आखाजीचे झोके खेळून आली, त्याचं हे फळ."

शेवटी द्रव नायट्रोजनमधून जुनी व्हायल काढली. तेच मीडियम, तीच इन्सुलिनची बाटली, शेजारी-शेजारी दोन प्लेटा. पेशी गच्च भरल्यावर दोन दिवस थांबले, मग ४८ तास कॉकटेल, मग नुसतं इन्सुलिन. पाचव्या दिवशी जुन्या पेशी गोल झालेल्या, केंद्रकाभोवती चकाकत्या मण्यांचं कडं. दहाव्या दिवशी चरबी लाल रंगवणारं ऑइल रेड ओ टाकलं तर शेवभाजीवर तर्री यावी तसे लालभडक थेंब. नव्या साठ्याची प्लेट कोरडी. सर म्हणाले, "ठीक आहे." एवढंच!

हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात उंदराच्या गर्भपेशींतून चरबी धरणारी ही जात वेचून काढली. साठ्यासाठी वाढवताना फ्लास्क ७० टक्क्यांच्या वर भरू दिला की तो गुण हळूहळू जातो. मग चरबीपेशी घडवणारी जनुकं चालू करणारं पीपीएआर-गॅमा हे प्रथिन जागं होत नाही आणि कॉकटेल कितीही ओता, उपयोग नाही.

आयबीएमएक्स नीट विरघळलं नसेल तरी असंच होतं, तेही बघा. आणि माणसाच्या चरबीतल्या मूळपेशी असतील तर हे वेळापत्रक लागू नाही, त्यांना दोन-तीन आठवडे द्या.

पण आधी तुमचं रजिस्टर उघडा. सुट्टीच्या दिवसांत पॅसेज कोणी केला, तिथे सही आहे का ते बघा. माझी परवाची नोंद होती, तिच्यापुढची सहीची जागा रिकामी होती, आणि ते पान सरांनी एकदाही उघडून पाहिलं नाही.