आईच्या ‘नको’चं काय करायचं?

ताई,
माझं वय २८. फेब्रुवारीत लग्न आहे. बाबा २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा भाऊ दहावीत होता. त्यानंतर घर आईनेच ओढलं. काकांनीही खूप केलं, भावाच्या कॉलेजची फी अजून तेच भरतात. आता लग्नाच्या बैठकीत आत्याने परस्पर ठरवून टाकलं, की कन्यादान काका-काकू करतील, हळद पाच सवाष्णी लावतील आणि आईने ‘मागे बसून डोळे भरून बघावं’. पत्रिकेच्या मसुद्यातही वर काका-काकूंची नावं आहेत. आईचं नाव खाली, आणि त्याआधी ‘गं. भा.’, म्हणजे विधवेच्या नावाआधी लावतात ते ‘गंगा भागीरथी’. मी भांडले, तर आईच म्हणाली, “नको गं, काकू करेल. शुभकार्यात वाद नको.” परवा बस्त्याला गेलो होतो. आईने एक हिरवी साडी हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, मग घडी घालून परत ठेवली आणि राखाडी उचलली. होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, तुमच्या घरचं तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल. आता आईचं ऐकू की माझ्या मनाचं?
– फेब्रुवारीतली नवरी

प्रिय नवरीबाई,

तुझ्या पत्रातल्या हिरव्या साडीपाशी मी बराच वेळ अडकले. तिच्याकडे शेवटी येते. आधी माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे मी फार सोवळ्यात बसून सल्ला देतेय असं तुला वाटणार नाही.

खूप वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. करंडा माझ्या हातात. बायका सतरंजीवर ओळीने बसलेल्या आणि मी एकेकीला हळदकुंकू लावत पुढे सरकत होते. शेजारच्या वहिनींचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. ‘या हो, घरचंच आहे’ म्हणून कुणीतरी त्यांना बोलावलं होतं, म्हणून त्या आल्या होत्या. मी त्यांच्यापाशी पोचायच्या आतच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, मान जराशी वळवली आणि हसून म्हणाल्या, “मला नको, तुम्ही व्हा पुढे.” मी झाले पुढे. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं मला. त्या ‘नको’ने त्यांनी माझी सोय केली होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तुझ्या आईचं ‘नको’ मला त्याच जातीचं वाटतं. तिने बैठकीत सगळ्यांची तोंडं पाहिली असणार. दीर, ज्यांनी मुलाची फी भरली. जाऊ, जिने कदाचित मनातल्या मनात शालूही ठरवून ठेवलाय. नणंद, जिच्याशी या वयात कोण वाकडं घेणार. आणि तू, तावातावाने बोलणारी. एवढ्या माणसांच्या मधोमध बसलेली बाई ‘हो, मला करायचंय माझ्या मुलीचं कन्यादान’ असं म्हणेल कशी? तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं. आत्याने सांगितलं, तू भांडलीस. विचारलं कुणीच नाही.

पण दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती सोडून दिली तर मी तुला चुकीचा सल्ला देईन. त्या पाटावर एकटीने बसायचं, शेजारची जागा रिकामी, समोर होम, आणि चारशे माणसं आपल्याच चेहऱ्याकडे बघतायत. कदाचित तिला रूढीचं काही वाटत नसेल, या चित्राचीच धास्ती वाटत असेल. तसं असेल, तर तू तिला ओढून पुढे बसवणं हीदेखील एक जबरदस्तीच. आत्या तिला मागे ढकलतेय आणि तू पुढे, मधल्या मधे तिचंच मनगट दुखायचं.

म्हणून आधी विचार. सगळ्यांसमोर नको, फोनवर तर नकोच. दुपारी दोघीच कपाट आवरायला काढा, हाताला काम असलं की बायका मोकळ्या बोलतात. आणि ‘तू पुढे बसशील ना?’ असं विचारू नकोस, त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. ‘बाबा असते तर त्या दिवशी तू काय काय केलं असतंस?’ एवढंच विचार आणि गप्प बस. ती रडेल कदाचित, रडू दे. मग जे सांगेल, त्यातलं तिला अजूनही काय काय करावंसं वाटतं, ते तिच्याच तोंडून येऊ दे. हळद लावायची असेल. मुंडावळ्या बांधायच्या असतील. व्याहीभेटीला विहिणीला मिठी मारायची असेल. किंवा फक्त पहिल्या रांगेत बसायचं असेल. विधी न करणं वेगळं आणि मागे बसणं वेगळं, या दोन गोष्टी आत्याने एकात गुंडाळल्यात, त्या सोडवायला हव्यात.

समज, ती म्हणाली की कन्यादान मलाच करायचंय. मग पुढचं फारसं अवघड नाही. ‘शास्त्रात बसत नाही’ हे वाक्य येणार, तेव्हा शास्त्रात काय आहे ते माहीत असलेलं बरं. याज्ञवल्क्य स्मृतीत मुलगी कुणी द्यावी याचा क्रम दिलेला आहे: बाप, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष आणि मग आई. आधीचा हयात नसेल तर पुढचा. आई शेवटी आहे, हे काही मी लपवत नाही. पण आहे! आणि गंमत बघ, भाऊ काकांच्या आधी येतो. तुझा भाऊ आता कळता झालाय. तो आणि आई दोघं मिळून पाटावर बसले, तर शास्त्राचं नाव घेणाऱ्याला त्याच शास्त्राने उत्तर मिळतं, आणि आईच्या शेजारची जागाही रिकामी राहत नाही. (मुलगी ही ‘दान’ द्यायची गोष्ट आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आहे. तू विचारला नाहीस, म्हणून गिळते.)

गुरुजींशी महिनाभर आधी बोल. काही गुरुजी सरळ हो म्हणतात. काही ‘दांपत्यच पाहिजे’ यावर अडतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस, दुसरे बघ. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत तयार झालेल्या स्त्री पुरोहितही लग्न लावतात, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत. आणि कायद्याचं म्हणशील, तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७मध्ये सप्तपदीचा उल्लेख आहे. विधींमध्ये ती असेल, तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. कन्यादानाचं त्यात नावही नाही. कन्यादान हा विवाहाचा आवश्यक विधी नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे कुणी रुसून पाटावरून उठलं तरी तुझं लग्न व्हायचं राहत नाही. हे सगळं आत्याला ऐकवायला सांगत नाहीये हं, तुझ्या मनाला धीर म्हणून.

आता काका. मला या सगळ्या प्रकरणात त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. त्या माणसाने केलंय, मनापासून केलंय, आणि भावाच्या मुलीचं कन्यादान आपल्या हातून होणार याचं त्यांना अप्रूप असणार. त्यांच्याकडे तू भांडायला गेलीस, तर ते ‘तुझी मर्जी’ म्हणून गप्प बसतील आणि ते गप्प बसणं आयुष्यभर बोचेल. एकटी जा, त्यांच्या पायाशी बस आणि मागणं माग. ‘काका, सकाळी देवक तुम्ही आणि काकूने बसवायचं, घरातली मोठी तुम्हीच. पाटावर आई आणि माझा भाऊ बसू देत. आणि आत्याला हे तुम्हीच सांगा.’ शेवटचं वाक्य विसरू नकोस. आत्या तुझं ऐकणार नाही, आईचं तर नाहीच. स्वतःच्या भावाचं, म्हणजे काकांचं, ऐकेल.

आत्यालाही मी खलनायिका म्हणणार नाही. तिला खरोखरच भीती वाटत असेल, की काही कमीजास्त झालं तर लोक बोट दाखवतील. या भीतीने भल्याभल्यांचे हात आखडतात, माझेही आखडले होतेच की. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाने सगळ्या घरांतले करंडे उघडतात असं नाही. पण ‘आपल्याकडे असं चालत नाही’ हे वाक्य आता पूर्वीइतक्या ठसक्यात म्हणता येत नाही, एवढं खरं.

पत्रिका मात्र छापायला जायच्या आत थांबव, तिथे विचारत बसायची गरज नाही. निमंत्रक म्हणून वर आईचं नाव, त्याखाली काका-काकू. आणि ते ‘गं. भा.’ काढ. २०२३ मध्ये सरकारी पातळीवर विधवांसाठी हाच शब्द वापरायचा विचार पुढे आला, तेव्हा केवढी टीका झाली होती. नवरा गेल्याचा शिक्का नावाआधी मारून घ्यायची हौस कुठल्या बाईला असते? बाबांच्या नावामागे ‘कै.’ आहेच, ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळतं. आईचं नुसतं नाव लिही, फार तर ‘श्रीमती’.

राहता राहिले तुझे होणारे यजमान. आत्यावर तू बारीकसारीक सगळं लिहिलंस, त्याला एका ओळीत उरकलंस, आणि मला ती ओळ आवडली नाही. ‘मला काहीही चालेल’ हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात त्याने स्वतः काही करायचं नसतं. त्याला एक काम सांग. त्याने त्याच्या आईशी आधी बोलून ठेवायचं: मंडपात कन्यादानाला आई बसली, तर त्यांच्याकडून भुवई वर जायला नको, आणि व्याहीभेटीला विहीणबाईंनी तुझ्या आईसमोर करंडा मिटायचा नाही. आईला लावून घ्यायचं असेल तर लावून घेईल, नसेल तर नाही म्हणेल. पण तिच्यासमोर तो उघडा असला पाहिजे. हे काम तो कुरकुर न करता करतो की ‘तूच बोल ना’ म्हणतो, ते बघ. फेब्रुवारीला अजून वेळ आहे. भांडायचं असेल तर त्याच्याशी आत्ता भांड, आत्याशी भांडून काही हाती लागायचं नाही.

आणि आईने हे सगळं ऐकून घेतल्यावरही, शांतपणे, दोघीच असताना सांगितलं की ‘नाही गं, मला ते झेपणार नाही, काकूच करू दे’, तर तिचं ऐक. मग पहिल्या रांगेत, पाटापासून हाताच्या अंतरावर तिची खुर्ची ठेव आणि तिथे दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस.

साडीचं काम मात्र या आठवड्यातच कर, बस्त्याची दुकानं लग्नसराईत माल फार दिवस ठेवत नाहीत. आईला घेऊन परत जा. आत्याला बरोबर नेऊ नकोस. हिरवी साडी काढायला सांग, तिच्या खांद्यावर पदर टाकून आरशासमोर उभी कर आणि तू जरा बाजूला हो, म्हणजे आरशात ती एकटीच दिसेल. राखाडीच हवी म्हणाली तर राखाडी घ्या. पण यावेळी घडी घालायची घाई करू देऊ नकोस.

तुझी,
ताई