सांगलीत तळमजल्याचं घर, घरी आई-बाबा दोघंच: पुराची तयारी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की कर्नाळ रोडच्या बाजूला मागच्या वर्षी तळमजल्याचं घर घेतलं, आई-बाबा दोघंच तिथे राहतात, दोघांनीही सत्तरी ओलांडलीय, बाबांची बायपास झालेली आहे आणि तुम्ही बेंगळुरूला असता. शेजारी म्हणतात, '२००५ ला पाणी फक्त पायरीला लागलं होतं', म्हणून बाबा घर सोडायला तयार नाहीत. तेव्हा सामान काय आणून ठेवू, असा तुमचा प्रश्न आहे. सामानाचं सांगतेच, पण त्याआधी एक आकडा ठरवा: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं की आई-बाबांनी घर सोडायचं. हा आकडा आत्ता, ऊन असताना ठरवायचा. पाऊस लागल्यावर घरात त्यावर वाद होतो आणि वादात रात्र जाते.

आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. म्हणजे २००५ ला ज्या घराच्या पायरीला पाणी लागलं, त्या घरात २०१९ ला साधारण तीन-चार फूट पाणी असणार. घराचा रंग नवा असेल, पण गल्लीतलं एखादं जुनं कंपाउंड किंवा विजेचा खांब नीट बघा, गाळाची रेघ कुठेतरी सापडेल. २०१९ ला जी माणसं अडकली, त्यातली कितीतरी अशीच २००५ च्या भरवशावर थांबली होती. 'तेव्हा इथवरच आलं होतं, आता यापुढे येत नाही' हे वाक्य त्या आठवड्यात गल्लोगल्ली ऐकलंय. जुनी खूण ही मर्यादा नसते, हे बाबांना शांतपणे आकड्यांनिशी सांगा. शिकलेल्या माणसाला आकडा पटतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे पाणी नदीकडून लाट होऊन येत नाही. ते नाल्यातून, गटारातून उलटं चढत मागच्या बाजूने येतं. घर कोरडं असतं आणि गल्लीच्या तोंडाशी खोलगट भागात कंबरभर पाणी असतं. म्हणजे घरात पाणी येण्याच्या बरंच आधी रस्ता बंद होतो. म्हणून घराचा उंबरा किती फुटांवर आहे ते विचारू नका, तुमच्या वाटेवरचा सगळ्यात सखल तुकडा किती फुटांवर बुडतो ते विचारा. गल्लीतला जुना किराणा दुकानदार, दूधवाला, रिक्षावाले यांना हे तोंडपाठ असतं. समजा ते म्हणाले ४६ ला रस्ता जातो, तर तुमचा आकडा त्याच्या तीन फूट आधीचा, ४३. धोका पातळीची वाट बघायचीच नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातली माणसं तर पाणी इशारा पातळीला पोचेपर्यंत हलायला लागतात.

हा आकडा बघायचा कसा? पावसाळ्यात पाटबंधारे विभागाचा पाणीपातळीचा तक्ता रोज निघतो आणि फोनवर फिरत असतो. त्यात पुलांची नावं वरून खाली ओळीने असतात: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, त्याखाली अंकली, म्हैसाळ, राजापूर. भिलवडी आपल्या वरच्या अंगाला आहे. तिथली पातळी चढत असेल तर इथे पाऊस उघडला तरी पाणी वाढणार आहे असं समजा. सांगलीत लख्ख ऊन आणि नदी चढतेय, हे पूर न पाहिलेल्या माणसाला पटत नाही. आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसाचा आपल्या पुराशी फारसा संबंध नसतो. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथे चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला ते बघा. तिन्हीकडे दोनशेच्या वर सलग दोन-तीन दिवस पडला आणि कोयना धरण भरत आलेलं असेल, तर पिशवी भरायला घ्या.

धरणाचा हिशेबही सोपा आहे. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). जुलैअखेर ते नव्वदच्या पुढे असेल तर येणारं पाणी साठवायला जागा थोडी उरते आणि वक्र दरवाजे उचलावे लागतात. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. त्यात वारणा आपल्याला हरिपूरला मिळते, पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला. त्या दोघी तुडुंब असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा येतो आणि उतरायलाही दिवस लागतात. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दरवर्षी वाद होतो. तो महत्त्वाचा आहे, पण बाबांना घराबाहेर कधी काढायचं ते त्यावरून ठरवू नका.

जायचं कुठे, तेही आत्ताच पक्कं करा. विश्रामबाग, मिरज किंवा कुपवाडकडे कुणी नातेवाईक, तुमचे मित्र असतील त्यांच्याशी स्वतः बोलून घ्या. 'पावसाळ्यात आई-बाबा आठ-दहा दिवस येतील, चालेल ना?' असं नीट विचारून ठेवलं की आयत्या वेळी आई-बाबांना संकोच वाटत नाही. म्हातारी माणसं पाण्याला भितात त्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी ओझं व्हायला जास्त भितात. चोरीची भीतीही असते, ती खोटी नाही. दागिने आणि रोकड मे महिन्यातच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मग राखण करायला काही उरतच नाही.

निघताना घरात काय करायचं, ते नीट सांगते. वीज: मेन स्विच बंद करायचा आणि इन्व्हर्टरही बंद करून त्याच्या बॅटरीची जोडणी काढायची. हे बहुतेक लोक विसरतात. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घराच्या वायरिंगमध्ये वीज सोडत राहतो आणि पाणी सॉकेटपर्यंत आलं की जीव जातो. पायाखाली पाणी आलं असेल तर बोर्डला हात लावायचाच नाही, महावितरणला १९१२ वर कळवायचं. गॅस: रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावायची आणि सिलिंडर गच्चीवर न्यायचा, नाहीतर दोरीने खिडकीच्या गजाला बांधायचा. रिकामा तर तरंगत वाहून जातो. फ्रीज: २०१९ ला आमच्या शेजाऱ्यांचा फ्रीज स्वयंपाकघरात तरंगला, आडवा झाला आणि पाणी उतरलं तेव्हा बरोबर दारामागे जाऊन बसला. दार आतून घट्ट. शेवटी खिडकीचे गज कापून माणूस आत उतरवावा लागला. फ्रीज जड असतो म्हणून जागेवर राहील असं समजू नका. रिकामा करून दारापासून लांबच्या कोपऱ्यात बांधून ठेवा. संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दाबून ठेवा आणि मोरीच्या जाळीवरही एक. पहिलं पाणी तिथूनच वर येतं, आणि घाण ते हेच.

कागदपत्रं बरणीत किंवा झाकणाच्या डब्यात, डबा आई-बाबांच्या सोबत: खरेदीखत, आधार, रेशनकार्ड, पासबुक, विम्याचे कागद आणि बाबांची डिस्चार्ज समरी. सगळ्यांचे फोटो तुमच्या फोनमध्येही हवेत. बाबांच्या गोळ्या जून ते सप्टेंबर कायम महिनाभर पुढच्या असू द्या. पुरात औषधांची दुकानंही पाण्यात असतात. गणपती पेठ आणि हरभट रोड २०१९ ला पाण्याखाली होता. बाकी टॉर्च, पॉवर बँक, बिस्किटं, पिण्याचं पाणी हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि तरीही अडकलेच तर? गच्चीवर जायचं, ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करायचा, पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगायची. गच्चीचा जिना बाहेरून आहे की आतून, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, हे आजच बघून घ्या. बोट आली तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही आणि भरलेल्या बोटीत चढायचं नाही, पुढची येऊ दे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात बायका आणि लेकरंही गेली. तो दिवस आठवला की आजही घास उतरत नाही. म्हणूनच मी रस्ता जायच्या तीन फूट आधी निघा म्हणते, ४५ ची वाट बघू नका. बोटीची वेळच येऊ नये.

पाणी उतरल्यावर आई-बाबांना लगेच घरी पाठवू नका, आधी तुम्ही या. पाय घोट्यापर्यंत झाकणारे बूट, हातात लांब काठी. कपाटामागे, गादीखाली, चपलांच्या ढिगात साप बसलेले असतात. चावलाच तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, थेट सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. काहीही हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा व्हिडिओ काढा. पंचनाम्याला आणि विमा कंपनीला तोच उपयोगी पडतो. गाडी पाण्यात होती तर चावी फिरवूनही बघू नका. इंजिनात पाणी असताना ते सुरू केलं की आतून मोडतं, आणि त्या नुकसानीवरून विम्यात हरकत निघते. टोचन लावून न्या.

गाळ ओला असतानाच काढायचा. खरं तर पाणी उतरत असताना घरात वीतभर राहिलेलं असतं, त्याच पाण्याने खराट्याने गाळ ढकलत बाहेर काढता येतो. एकदा वाळला की फावड्याने खरवडावा लागतो आणि फरशीच्या सांध्यातून वर्षभर निघत राहतो. हौद पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन मगच भरायचा, तोवर टँकरचं पाणीही उकळून प्यायचं. पीठ, मसाले, पाण्यात भिजलेली औषधं टाकून द्या, आईचा जीव तुटेल तरी. वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. गॅसची नळी आणि रेग्युलेटर बदलून घ्या. गळतीचा वास आला तर १९०६ वर फोन करा.

घराचा विमा काढणार असाल तर पूर त्यात आहे का आणि घरातलं सामान धरलंय का, हे लेखी विचारा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी काढा. गल्लीतल्या लोकांना विचारून रस्ता किती फुटांवर जातो ते कळलं की इथे लिहा. त्या भागात माझी मावशी राहते, तिच्याकडून मी पडताळून सांगेन.