इगतपुरीत स्की कॉटेज

प्रश्न : इगतपुरीजवळ आमची पाच गुंठे जागा आहे. तिथे बर्फाळ प्रदेशातल्या स्की कॉटेजसारखे, छप्पर जमिनीपर्यंत उतरलेले त्रिकोणी घर बांधायचे आहे. मापे ६ बाय ८ मीटर, उतार ६० अंश. आपल्या पावसात ते टिकेल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : टिकेल, पण आकार तेवढा उचला, बारकावे इथल्या पावसाचे ठेवा. एवढा उतार असतो तो बर्फ घसरून जावा म्हणून. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याची झड आडवी येते. त्यामुळे छपराआधी गळते ती अशा घराची समोरची काचेची त्रिकोणी भिंत. ती पश्चिमेला किंवा नैऋत्येला मुळीच नको. पूर्वेला घ्या आणि छपराची पाखी (दोन्ही उतरत्या बाजू) तिच्यापुढे निदान १.२ मीटर काढा.

पत्रे पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे लावत या, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडी येत नाही. प्रत्येक स्क्रू स्वतः बघा. रबरी वॉशर चेपून पत्र्याबाहेर फुगला असेल तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे. असा वॉशर पुढे चिरतो आणि नेमका तिथूनच थेंब येतो.

सर्वात नाजूक जागा म्हणजे वाशांचे पाय. १०० मिलिमीटर पाऊस झाला की एका पाख्यावरून सुमारे २,४०० लिटर पाणी त्या एकाच रेषेत उतरते. जोते ६०० मिलिमीटर उंच घ्या आणि पागोळीखाली खडीचा, बाहेर उतार असलेला चर काढा. लाकूड काँक्रीटला टेकू देऊ नका, ओल आणि वाळवी तिथूनच चढते. आमचे स्पष्ट मत : सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा करा, लाकूड आतल्या अस्तरापुरते ठेवा. पत्र्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) घातले की पावसाचा आवाजही पुष्कळ उतरतो.

थंड प्रदेशात रॉकवूलच्या आतल्या अंगाला प्लास्टिकचा पडदा लावतात, कारण खोलीतली उबदार वाफ बाहेर जाताना थंड छपरात पाणी होऊन बसते. तुम्ही एसी लावणार असाल तर इथे ओल उलट, बाहेरून आत येते. तो पडदा तसाच आतून लावला तर मागे बुरशी धरेल.

आणखी एक हिशेब. जमिनीवर रुंदी ६ मीटर असली तरी २ मीटर उंचीवर ती ३.७ मीटरच उरते. कडेला कपाटसुद्धा उभे राहणार नाही. दोन्ही बाजूंना १ मीटरची उभी भिंत घेऊन तिच्यावर छप्पर टेकवले, तर तीच रुंदी ४.८ मीटर होते. त्रिकोण थोडा मोडतो, पण घर वापरता येते.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या प्रकल्पासाठी मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यातले स्की कॉटेज घेतले आहे. मुख्य दार कुठे द्यावे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : त्रिकोणी भिंतीत. पाख्याखाली नको. ऊन लागले की छपरावरचा बर्फ एकदम सुटतो, आणि दबलेल्या बर्फाचा एक घनमीटर सहज ३०० किलो भरतो. दार पाख्याखाली देण्यावाचून गत्यंतर नसेल, तर बर्फ अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या ओळींनी लावा आणि तो थांबलेला भार आयएस ८७५, भाग ४ (बर्फाच्या भाराचे भारतीय मानक) प्रमाणे छपराच्या गणितात धरा. दारामागे लगेच दुसरे दार हवे. मधल्या दीड मीटरच्या जागेत बसायला बाक, ओल्या बुटांसाठी जाळीची फळी, आणि वितळलेले पाणी जायला उतार देऊन मोरी काढा.